ब्लॉक कुणाकडे आहे?

मुंबईत कुणाला कॅन्सर निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘टाटाला दाखवलं का?’ प्रश्न बरोबरच आहे. पण आजार दुर्मिळ प्रकारातला असेल तर त्याच्याही आधी विचारायचा एक प्रश्न आहे आणि तो बहुतेक घरांत कुणाला सुचत नाही: ब्लॉक कुणाकडे आहे?

ब्लॉक म्हणजे काय ते आधी. बायोप्सीत किंवा ऑपरेशनात काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये मुरवतात, त्यातलं पाणी काढतात आणि वितळलेल्या मेणात बसवतात. मेण थिजलं की जाळीच्या छोट्या प्लास्टिक कॅसेटवर एक पांढरट वडी तयार होते. कॅसेटची एक कड तिरकी असते, तिच्यावर पेन्सिलीनं किंवा मशीननं नंबर टाकलेला असतो. या वडीचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढून काचेवर चिकटवले, रंगवले, की झाली स्लाइड. स्लाइड बघून डॉक्टर लिहितात तो रिपोर्ट. म्हणजे रिपोर्ट हे एका माणसाचं मत झालं. पुरावा आहे तो ब्लॉक. मत बदलता येतं, पुन्हा मागवता येतं. वडी संपली किंवा हरवली तर रुग्णाला पुन्हा सुई खावी लागते.

दुर्मिळ कुणाला म्हणायचं? युरोपातली व्याख्या अशी की वर्षाला लाख लोकांमागे सहापेक्षा कमी नवे रुग्ण. अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटची रेघ पंधरावर आहे. गंमत अशी की एकेक प्रकार दुर्मिळ असला तरी सगळे मिळून युरोपात एकूण कॅन्सरच्या पाचव्या हिश्शाहून जास्त भरतात. त्यामुळे ‘असला कॅन्सर कुणालाच नसतो’ हे खरं नाही. खरं एवढंच की तुमच्या उपनगरातल्या लॅबमधल्या पॅथॉलॉजिस्टनं हा नेमका प्रकार आजवर दोनदा-चारदा पाहिला असेल. जिस्ट नावाची जठर-आतड्याची गाठ स्नायूच्या गाठीसारखी दिसू शकते. न्यूरोएंडोक्राइन (संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींची) गाठ साध्या अ‍ॅडिनोकार्सिनोमात (ग्रंथीच्या पेशींच्या नेहमीच्या कॅन्सरात) खपून जाऊ शकते. सार्कोमाचे (हाडं, स्नायू, चरबी यांच्या कॅन्सरचे) तर पन्नासहून जास्त उपप्रकार आहेत. चुकीच्या नावावर चुकीची केमो सुरू होते आणि दोन-तीन महिने जातात. यात हलगर्जी असतेच असं नाही, सराव नसतो इतकंच.

म्हणून दुर्मिळ प्रकाराचं नाव रिपोर्टवर आलं, किंवा रिपोर्टात ‘संभाव्य’, ‘सुसंगत’, ‘आणखी तपासण्यांची शिफारस’ असले शब्द दिसले, तर उपचार सुरू होण्याआधी स्लाइड रिव्ह्यू करून घ्यायचा. म्हणजे तोच ब्लॉक आणि त्याच स्लाइड त्या प्रकारात सराव असलेल्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे. आठवडा-दीड आठवडा जाईल. बहुतेक घन गाठींना तेवढा वेळ परवडतो. रक्तस्राव, आतड्यातला अडथळा, श्वास कोंडणं असं काही असेल तर मात्र आधी तो धोका आवरायचा.

ब्लॉक मागायला लॅबमध्ये जाल तेव्हा काउंटरवर हमखास ऐकायला मिळतं, ‘ब्लॉक देत नाही, स्लाइड घेऊन जा.’ वाद घालू नका. ज्या हॉस्पिटलात रिव्ह्यू करायचा आहे तिथल्या डॉक्टरांचं पत्र, रुग्णाचं आधार, रुग्णाच्या सहीचा अर्ज आणि मूळ रिपोर्टची झेरॉक्स एवढं न्या, बहुतेकदा ब्लॉक मिळतो. कुठला मागायचा हे मूळ रिपोर्टातच असतं. ग्रॉसिंग, म्हणजे तुकडा कसा कापला त्याचा, परिच्छेद असतो, त्यात ए-१ म्हणजे कड, ए-३ म्हणजे गाठ, बी-२ म्हणजे लसिकाग्रंथी अशी यादी असते. गाठीचे दोन ब्लॉक असतील तर एक घ्या, एक तिथेच राहू द्या. सगळे ब्लॉक एकाच वेळी एका ठिकाणी द्यायचे नाहीत. नेताना बबल रॅपमध्ये गुंडाळायचे, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या गाडीत तर ठेवायचेच नाहीत. मेण पन्नास-साठ अंशांच्या मध्येच कुठेतरी वितळतं, आणि बंद गाडीचा डॅशबोर्ड तिथवर जाऊ शकतो.

ब्लॉक बिघडतो तो मात्र बहुतेकदा त्याच्याही आधी, नर्सिंग होममध्येच. तुकडा दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये, तुकड्याच्या किमान दहापट द्रावात ठेवायचा असतो. सहा तासांपेक्षा कमी नाही आणि शक्यतो ७२ तासांपेक्षा जास्त नाही. शनिवारी संध्याकाळी ऑपरेशन, लॅब सोमवारी उघडणार, आणि तुकडा सलाइनच्या बाटलीत, हा प्रकार अजून होतो. मोठी गाठ न चिरता छोट्या बरणीत कोंबली तर फॉर्मॅलिन मध्यापर्यंत पोचायच्या आत मधला भाग सडतो. हाडाचा तुकडा मऊ करायला कडक अ‍ॅसिड वापरलं तर डीएनए तुटतो आणि पुढे जनुकीय चाचणी नापास होते. त्यासाठी ईडीटीए वापरायला आधीच सांगावं लागतं. आणि एकेक मार्कर (पेशींची ओळख पटवणारी रंगाची चाचणी) सुटा सुटा मागवत गेलं की प्रत्येक वेळी वडी थोडी कापली जाते. शेवटी एनजीएसला (अनेक जनुकं एकदम वाचणाऱ्या चाचणीला) पाठवायला मेणच उरतं, गाठ उरत नाही. त्या चाचणीला कापात साधारण वीस टक्के तरी गाठीच्या पेशी लागतात. कुठले मार्कर लावायचे ते एकदाच, एकत्र ठरवून घ्यावं.

आता सुई घालण्याआधीची गोष्ट, कारण काही गाठींत पहिली सुईच खेळ बिघडवते.

मांडीत, दंडात, पाठीवर आलेली गाठ ‘चरबीची आहे, लोकलमध्ये काढून टाकू’ म्हणून काढली जाते. लोकल म्हणजे भूल, रेल्वे नाही. गाठ पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल, स्नायूच्या आवरणाखाली खोल असेल किंवा वाढत असेल, तर एमआरआयशिवाय कुणालाही हात लावू देऊ नका. ती सार्कोमा निघाली तर अशा काढण्यानं पेशी आजूबाजूला पसरतात. मग दुसरं, मोठं ऑपरेशन आणि जवळजवळ नक्की रेडिएशन. बायोप्सी एफएनएसीची (बारीक सुईनं सुट्या पेशी ओढण्याची) नको, कोअर म्हणजे जाड सुईची हवी, कारण सार्कोमात सुट्या पेशींपेक्षा त्यांची रचना बघायची असते. आणि ती पुढे ऑपरेशन जिथे होणार तिथेच व्हावी. सुईचा मार्ग गाठीबरोबर कापून काढावा लागतो. तो आडवा-तिडवा गेला असेल तर कातडीचा मोठा तुकडा फुकट जातो. ऑपरेशनात निचऱ्याची नळी टाकली असेल तर तिचं भोकही टाक्यांच्या रेषेतच हवं.

मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत गाठ दिसली तर मेटानेफ्रिनची रक्त किंवा लघवीची चाचणी आल्याशिवाय सुई नाहीच. ती फिओक्रोमोसायटोमा (रक्तदाब चढवणारी संप्रेरकं सोडणारी गाठ) असेल तर सुईच्या धक्क्यानं रक्तदाब इतका चढतो की जिवावर बेततं. ऑपरेशन करायचं तरी आधी दहा-चौदा दिवस अल्फा ब्लॉकर देऊन दाब ताब्यात आणावा लागतो. ‘उद्या बेड रिकामा आहे, करून टाकू’ म्हणणाऱ्याला शांतपणे मेटानेफ्रिनचा रिपोर्ट मागायचा.

परळच्या टाटा मेमोरियलमध्ये (हॉस्पिटल १९४१ चं, १९६२ पासून अणुऊर्जा विभागाकडे) रुग्ण एका डॉक्टरचा नसतो, डीएमजीचा (डिसीज मॅनेजमेंट ग्रुप) असतो. म्हणजे हाडं-स्नायूंचा गट, पोटाचा गट, मूत्रमार्गाचा गट वगैरे. दुर्मिळ आजाराची वेगळी खिडकी नाही, गाठ ज्या अवयवात तो गट मिळतो. अडचण येते ती मूळ कुठे आहे हेच कळत नाही तेव्हा, किंवा गाठ दोन गटांच्या मधोमध असते तेव्हा. अशा वेळी ओपीडीत मोघम ‘पुढे काय?’ विचारून भागत नाही. ‘ही केस जॉइंट क्लिनिकमध्ये कधी चर्चेला जाणार, आणि तिथला निर्णय फाइलवर लिहून मिळेल का?’ असं नेमकं विचारायचं. सर्जन, मेडिकल ऑन्कोलॉजिस्ट, रेडिएशनवाले, रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट एका टेबलाशी बसून झालेला निर्णय आणि पाच वेगळ्या ओपीडींत पाच वेळा मिळालेला सल्ला, यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. माझं मत विचाराल तर दुर्मिळ कॅन्सरमध्ये हॉस्पिटल निवडताना बाकी सगळं सोडून याच एका गोष्टीवर निवडावं.

रोज परळ गाठणं सगळ्यांना जमत नाही, आणि गरजही नसते. २०१२ पासून नॅशनल कॅन्सर ग्रिड आहे, देशभरातली शेकडो केंद्रं त्यात आहेत आणि अवघड केसेससाठी ऑनलाइन ट्यूमर बोर्ड, म्हणजे तज्ज्ञांची बैठक, भरतो. तिथे केस रुग्ण नाही, त्याचे डॉक्टर मांडतात. म्हणून नाशिकच्या किंवा कोल्हापूरच्या डॉक्टरांनाच ‘मांडाल का?’ असं विचारायचं. रुग्णाला स्वतः लेखी मत हवं असेल तर ‘नव्या’ नावाची ऑनलाइन सेवा आहे. योजना परळनं आखून द्यायची आणि केमो घराजवळ घ्यायची, ही पद्धत बहुतेकांना झेपते. फक्त एक अट: दोन्हीकडच्या डॉक्टरांकडे एकच कागद हवा. औषधाचं नाव, डोस, किती दिवसांनी, कुठल्या रक्तचाचणीवर थांबायचं आणि कुठल्या वेळी फोन करायचा, एवढं त्या कागदावर असलं तरी पुष्कळ झालं.

जिस्टचं उदाहरण घेतो, कारण ब्लॉकमधून थेट गोळीपर्यंत रस्ता जातो तो इथे. इमॅटिनिब ही जिस्टवरची गोळी सुरू करण्याआधी किट आणि पीडीजीएफआरए या जनुकांची चाचणी हवी. किटच्या एक्सॉन ११ मध्ये (एक्सॉन म्हणजे जनुकाचा एक भाग) बदल असेल (सगळ्यात जास्त तोच सापडतो) तर रोज ४०० मिलिग्रॅम. एक्सॉन ९ असेल तर आजार पसरलेला असताना ८०० पर्यंत नेतात. पीडीजीएफआरएमध्ये डी-८४२-व्ही नावाचा बदल असेल तर इमॅटिनिब चालतच नाही, वर्षभर गोळी खाल्ली तरी नुसता खर्च. ऑपरेशननंतर धोका जास्त असेल तर गोळी तीन वर्षं. जेवणाबरोबर, मोठा पेलाभर पाण्यासोबत, नाहीतर मळमळ ठरलेली. सकाळी डोळ्यांभोवती सूज येते, ती बहुतेकदा औषधाची असते. ग्रेपफ्रूट वर्ज्य, आणि त्याचं भावंड पपनसही टाळलेलं बरं. गणपतीत घरात येतं, म्हणून सांगतो. मुंबईत त्याहून मोठी भानगड टीबीची. टीबीच्या गोळ्यांतलं रिफॅम्पिसिन रक्तातलं इमॅटिनिब धाडकन खाली आणतं. दोन्ही आजार एकत्र आले तर छातीच्या डॉक्टरांना आणि कॅन्सरच्या डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावायचं, चिठ्ठ्या पोचवत बसायचं नाही.

आणखी एक. इमॅटिनिब लागू पडलं तरी पहिल्या सीटीत गाठ तेवढीच, कधी जराशी मोठीही दिसते. आतून ती पातळ होत असते, घनता उतरते. नुसती लांबी-रुंदी मोजून ‘वाढलं’ असा रिपोर्ट येतो आणि चांगलं चाललेलं औषध बंद होतं. म्हणून सीटीच्या फॉर्मवर ‘जिस्ट, इमॅटिनिबवर, अमुक तारखेपासून’ हे लिहिलेलं असलंच पाहिजे, आणि जुना सीटी फिल्म नव्हे तर डायकॉम म्हणजे मूळ डिजिटल फाइलमध्ये, सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर सोबत द्यायचा. सीडी काउंटरवरच उघडून बघा. पुष्कळ उघडत नाहीत.

ही गोळी सामान्य माणसाच्या आवाक्यात आहे त्यामागे एक निकाल आहे. १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं नोव्हार्टिस या मूळ कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला. त्या वेळी ब्रँडची गोळी महिन्याला लाखाच्या वर होती आणि इथली जेनेरिक दहा हजारांच्या आसपास.

न्यूरोएंडोक्राइन गाठींचा रस्ता वेगळा. रिपोर्टात केआय-६७ चा आकडा शोधा, म्हणजे किती टक्के पेशी वाढीला लागल्या आहेत तो. तीन टक्क्यांच्या खाली ग्रेड एक, तीन ते वीस ग्रेड दोन, वीसच्या वर तीन. आकडा नुसता ‘कमी’ असा लिहिला असेल तर परत पाठवा. मग गॅलियम-६८ डोटाटेट पेट स्कॅन, म्हणजे या गाठींना चिकटणारं किरणोत्सारी द्रव्य देऊन केलेला. साधा साखरेचा पेट संथ वाढणाऱ्या गाठींना पुष्कळदा चुकवतो. रक्तात क्रोमोग्रॅनिन ए (या गाठींची रक्तातली खूण) वाढलेलं आलं की घरात धरणीकंप होतो, पण आधी बघा अ‍ॅसिडिटीची गोळी चालू आहे का. पॅन्टोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल यांनी हा आकडा खोटाच चढतो. डॉक्टरांना विचारून दोन आठवडे बंद ठेवून पुन्हा करायची. चोवीस तासांच्या लघवीतल्या ५-एचआयएए चाचणीआधी (काही गाठी सोडतात त्या सेरोटोनिनचा अंश ती मोजते) तीन दिवस केळं, अननस, टोमॅटो, अक्रोड आणि वांगं बंद, म्हणजे भरीतही नाही. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, तिथून घड्याळ सुरू. दुसऱ्या दिवशीची पहिली धरायची. मधली एक जरी सुटली तरी आकडा बाद.

ऑक्ट्रिओटाइडचं (गाठीच्या संप्रेरकांना आवर घालणारं) लांब पल्ल्याचं इंजेक्शन दर चार आठवड्यांनी, कुल्ल्यात खोल, आलटून पालटून. हे महागडं इंजेक्शन वाया जाताना बघवत नाही आणि वाया जातं ते नेमकं दोन ठिकाणी. एक, वाटेत. दोन ते आठ अंशांत ठेवायचं असतं. केमिस्टकडून जेल पॅकची पिशवी मागून घ्या, पण बर्फाला थेट टेकवू नका, गोठलं तरी गेलं. दोन, टोचताना. फ्रिजमधून काढून अर्धा-एक तास बाहेर ठेवायचं. द्राव भुकटीत सोडल्यावर पाचेक मिनिटं तसंच मुरू द्यायचं, मग पाकिटातल्या कागदाप्रमाणे हलवायचं आणि लगेच टोचायचं. घाईतल्या सिस्टर मुरू न देता हलवतात, गुठळी होते, सुई चोंदते आणि अर्धं औषध सिरिंजमध्येच राहतं. ‘सिस्टर, आत एक कागद आहे, बघता का?’ एवढं म्हणायला लाजू नका. इंजेक्शन चालू असताना शौच तेलकट, फिकट, तरंगणारं होत असेल तर स्वादुपिंडाच्या एन्झाइमची कॅप्सूल लागते, आणि ती जेवणाच्या सुरुवातीला नि मध्ये घ्यायची, जेवून झाल्यावर नव्हे.

पुढची पायरी ल्युटेशियम-१७७, म्हणजे गाठीला चिकटून आतून किरणं देणारं औषध. मुंबईचं नशीब एवढं की ते ट्रॉम्बेच्या अणुभट्टीत तयार होतं, आणि भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर परळमध्ये टाटाच्या अ‍ॅनेक्समध्येच आहे. साधारण आठ आठवड्यांच्या अंतरानं चार हप्ते, प्रत्येक वेळी मूत्रपिंडं जपायला अमिनो आम्लांचं सलाइन. लांब पल्ल्याचं इंजेक्शन त्याआधी चार आठवडे थांबवतात, म्हणून तारखा एकमेकींत बसवाव्या लागतात. औषध लघवीवाटे बाहेर पडतं. बसून लघवी करायची, फ्लश दोनदा, लहान मुलं आणि गरोदर बाईपासून सांगितलेले दिवस लांब राहायचं. हे सगळं फ्लॅटमध्ये राहणाऱ्यासाठी लिहिलेलं आहे. चाळीत एक खोली, सामायिक संडास आणि घरात दोन वर्षांचं नातवंड असेल तर ते तारीख घेण्याआधीच सांगा. तेवढ्या दिवसांसाठी वेगळी सोय आधी ठरवता येते, डिस्चार्जच्या दिवशी नाही.

पैशाचं थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राकडे उपचारांच्या आधी जायचं, कारण मंजुरी आधी लागते आणि भरलेले पैसे नंतर सहसा परत मिळत नाहीत. विचारायचं ते ‘माझा आजार बसतो का’ असं नव्हे, ‘हे ऑपरेशन, हे औषध कुठल्या पॅकेजमध्ये बसतं’ असं. धर्मादाय हॉस्पिटलांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी (वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत) आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी (३ लाख ६० हजारांपर्यंत) राखीव असतात. तहसीलदारांचा दाखला तयार ठेवा. केंद्राचं २०२१ चं दुर्मिळ आजार धोरण आणि दुर्मिळ कॅन्सर यांची मात्र गल्लत करू नका. ते मुख्यतः ठरावीक जनुकीय आजारांसाठी आहे, नाव सारखं म्हणून अर्ज घेऊन केईएमला खेटे घालण्यात अर्थ नाही. खासगी विमा असेल तर पॉलिसीत ‘ओरल केमोथेरपी’ची उपमर्यादा किती ते वाचा.

औषध भारतात मिळतच नसेल तर स्वतःच्या वापरापुरतं आणता येतं. फॉर्म १२-ए वर केंद्रीय औषध नियंत्रकांकडे अर्ज, सोबत प्रिस्क्रिप्शन, मग १२-बी परवाना. सीमाशुल्कात सूट हवी तर सिव्हिल सर्जन किंवा आरोग्य संचालकांचं प्रमाणपत्र वेगळं. नव्या औषधाच्या चाचणीत (क्लिनिकल ट्रायल) भाग घ्यायचा विचार असेल तर सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत आजाराच्या नावानं शोधा. संमतिपत्र मराठीत मागा, घरी आणून वाचा, तिथल्या तिथे सही करू नका.

रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीत रुग्णाला भाडं माफ, सोबत्याला ७५ टक्के सूट, हॉस्पिटलचा फॉर्म लागतो. लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यात कर्करुग्णाला बसता येतं. गर्दीत कुणी हटकलं तर दाखवायला दाखल्याची झेरॉक्स खिशात असू द्या. दुखणं सुरू झालं असेल तर वेदनाशमनाच्या ओपीडीत लवकर जा, ती शेवटच्या आठवड्यासाठी नसते. मॉर्फिन चालू केलं की पोट साफ होण्याचं औषध त्याच चिठ्ठीवर हवं, नाहीतर बद्धकोष्ठानं माणूस गोळीच सोडून देतो.

राहिली फाइल. दुर्मिळ कॅन्सरचा माणूस कधीकधी दहा-दहा वर्षंही जगतो, आणि तेवढ्यात डॉक्टर बदलतात, लॅब विकल्या जातात, हॉस्पिटलं नावं बदलतात. गाठ परत आली की नवी बायोप्सी जुन्या ब्लॉकशी ताडून बघावी लागते. म्हणून फाइलच्या पहिल्या पानावर, रक्तगटाच्याही वर, ब्लॉकचा नंबर लिहा: कॅसेटच्या तिरक्या कडेवरचा, बिलावरचा नव्हे. त्याखाली तारखेसह एकच ओळ, सध्या तो कुणाकडे आहे. कुठे दिला की पेन्सिलीनं खोडून नवं नाव लिहायचं, आणि पावती तिथेच स्टेपल करायची.